गणितासाठी ४ टॅब, ९ महिने वापरल्यानंतर

शनिवारी म्हापशाहून परत येतानाच ठरवलं की हे लिहायचंच. सर्विस सेंटरवाल्याने टॅब उघडूनसुद्धा बघितला नाही, चार्जिंगच्या पिनीला काळं आलंय म्हणजे पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही, बोर्ड बदला. अहो पाणी कुठलं, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली शाळा आहे, जुलैत इथे खडूसुद्धा सादळतात! शेवटी बाजारातल्या रिपेरवाल्याने ४०० रुपयांत पिन बदलून दिली, टॅब चालू आहे. निम्मे पैसे पालकांचे, निम्मे माझे, त्यामुळे जीव तुटतो. आता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवते.

पण खरा राग टॅबमधल्या गणिताच्या अ‍ॅपवर आहे. आमची मराठी शाळा, मुलं देवनागरी अंक लिहितात. दुसरीतल्या मुलीने ८ + ६ चं उत्तर बोटाने छान १४ लिहिलं आणि लाल फुली आली. का, तर आपला १ त्याला इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि ४ इंग्रजी आठसारखा, म्हणजे तिचे चौदा त्याने अठ्ठ्याण्णव वाचले. "बाई, हांवें चवदाच बरयल्यात मगो!" तीनदा पुसून तेच लिहिलं, चौथ्यांदा १५ लिहून माझ्याकडे बघत बसली. बरोबर आलेलं उत्तर पोरीने स्वतःहून चुकीचं केलं, हे मला अजून सहन होत नाही. भाषा मराठी निवडलीय, सूचना मराठीत येतात, मग अंक इंग्रजीच का वाचता? २ मेल केले, एकाला उत्तर आलं की अ‍ॅप अपडेट करा.

तेव्हा १ स्टार देणार होते. पण गणेश चतुर्थीच्या सुट्टीनंतर चौथीच्या वर्गाला अपूर्णांक सुरू केले आणि मत बदललं. कागदाच्या घडीने अर्धा, पाव नीट होतो पण तीन आणि सहा सारखे भाग मुलांना कधी जमत नाहीत, टॅबवर पट्ट्या सरकवता येतात. एक मुलगा कायम म्हणायचा १/६ मोठा, कारण ६ मोठा. त्याने १/३ च्या पट्टीखाली १/६ ची लावली, उरलेल्या जागेत अजून एक लावली, बरोब्बर बसली. थोडा वेळ गप्प, मग म्हणतो वाटे वाढले की वाटो बारीक जाता. फळ्यावर मी हे दोन वर्षं सांगत होते.

म्हणून चौथीला घ्या, अपूर्णांकांसाठी नक्की घ्या. पहिली-दुसरीच्या बेरजेला नको, तिथे काजूच्या बिया आणि दहादहाच्या पुरचुंड्याच बऱ्या, हातात वजन लागतं. आणि सेटिंगमध्ये जाऊन हाताने लिहायचं बंद करा, आकड्यांची बटणं येतात, फुलीचा प्रश्न तेवढ्यापुरता सुटतो.

ती मुलगी मात्र अजून आधी पाटीवर उत्तर लिहिते, मला दाखवते आणि मगच बटण दाबते.