मुकुर्टू : संग्रह संग्रहालयाचा, किल्ली समाजाची

संग्रहालयाच्या नोंदवहीत एखाद्या टोपलीसमोर तिचे माप, साहित्य आणि देणगीदाराचे नाव असते. ती विणणाऱ्या बाईचे घराणे किंवा टोपलीचे मूळ भाषेतले नाव तिथे क्वचितच सापडते. ही उणीव भरून काढू पाहणारी ‘मुकुर्टू’ ही विनामूल्य, मुक्त स्रोत संगणकप्रणाली ऑस्ट्रेलियातील टेनंट क्रीक येथील वारुमुंगू हा आदिवासी समाज आणि अभ्यासक किम क्रिस्टन यांच्या सहकार्यातून घडली. वारुमुंगू भाषेत मुकुर्टू म्हणजे पवित्र वस्तू जपून ठेवण्याची पिशवी. आतले पाहायचे असेल त्याने आधी वडीलधाऱ्यांकडे जावे, असा तिचा रिवाज, आणि प्रणालीची सारी रचना याच रिवाजावर बेतलेली आहे. कोणते छायाचित्र सर्वांना दिसावे, कोणते फक्त स्त्रियांना किंवा एखाद्या कुटुंबालाच, हे समाज स्वतः ठरवतो. देव्हाऱ्यातली आणि ओसरीवरची वस्तू एकाच फळीवर मांडू नये, हे ज्याला कळते त्याला यात नवल वाटणार नाही. नवल एवढेच, की संगणकाला ते शिकवायला कोणी इतका काळ बसले नव्हते.

प्रत्यक्ष वापर पाहायचा तर वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातून चालणारे ‘प्लॅटो पीपल्स वेब पोर्टल’ उघडावे (नाव पठारावरून आले आहे, ग्रीक तत्त्ववेत्त्यावरून नव्हे). यकामा, कोलव्हिल, उमाटिला, स्पोकेन आदी अमेरिकी आदिवासी समाजांशी संबंधित, निरनिराळ्या संस्थांकडे असलेली सामग्री इथे एकत्र पाहता येते. माझ्या मते या पोर्टलचे खरे यश एका साध्या सोयीत आहे : एकाच वस्तूला संस्थेची नोंद आणि समाजाची नोंद अशा दोन्ही शेजारी शेजारी राहतात, आणि एक समाज दुसऱ्याहून वेगळे सांगत असेल तर तेही तिथेच वाचायला मिळते. जुनी नोंद चुकीची असली तरी ती पुसली जात नाही, त्यामुळे वस्तू गोळा करणाऱ्यांची नजरही अभ्यासता येते.

जेन अँडरसन आणि क्रिस्टन यांच्या ‘लोकल कॉन्टेक्स्ट्स’ या उपक्रमातील पारंपरिक ज्ञानाची लेबलेही या प्रणालीत लावता येतात. हे गाणे विशिष्ट ऋतूतच ऐकावे, ही सामग्री व्यापारासाठी वापरू नये, अशा सूचना ती देतात. मात्र त्यांना कायद्याचे बळ नाही. प्रताधिकार बहुधा छायाचित्रकाराकडे किंवा संस्थेकडेच राहतो, आणि लेबल पाळणे न पाळणे पाहणाऱ्याच्या सभ्यतेवर सोपवलेले असते. ही उणीव प्रणालीची कमी आणि कायद्याची अधिक आहे, तरी वापरणाऱ्याने ती ओळखून असावे.

दुसरी अडचण खर्चाची. प्रणाली फुकट असली तरी सर्व्हर, देखभाल आणि नोंदी भरणारी माणसे फुकट मिळत नाहीत. विद्यापीठाचा आधार असलेल्या पोर्टलला हे जड जात नाही. एकट्या गावाने आपला संग्रह उभारायचा ठरवले, तर तांत्रिक काम जाणणारा आणि काही वर्षे टिकणारा माणूस आधी शोधावा आणि मगच छायाचित्रे स्कॅन करायला घ्यावीत.