गोट्यांची बादली की आतली कडी?

२०१८ साली अमेरिकेत, पेन्सिल्व्हेनियातल्या ब्लू माउंटन भागातल्या शाळांनी वर्गावर्गात नदीतल्या गोट्यांची बादली ठेवली. बंदूकधारी आत शिरलाच तर मुलांनी गोटे फेकायचे. आमच्या कोकणात गोट्यांना तोटा नाही. कुणी कोयता घेऊन शाळेत घुसला तर काय, हा विषय शिक्षकांत निघाला तेव्हा ही बादली मलाही पटली होती. आता पटत नाही. दगड लागायला हल्लेखोर टप्प्यात यावा लागतो, म्हणजे पोरंही त्याच्या टप्प्यात येतात. आणि भेदरलेल्या पाचवीतल्या मुलांचा नेम कुठे लागणार?

दाराचं तसं नाही. चिऱ्याची भिंत, जाड फळ्यांचं दार, आतून कडी, मागे बाकं रचलेली. मुलं खिडकीपासून दूर, गप्प. ११२ ला फोन. हल्लेखोराचा वेळ जातो, आणि आपल्याला तोच हवा असतो. पण आमच्या काही वर्गांना कडी फक्त बाहेरून आहे, आणि पावसाळ्यात फुगलेलं दार चौकटीत बसतच नाही. आधी सुताराला बोलवा.

दार तुटलंच, पळायला वाट उरली नाही, तर मात्र गोटा, डस्टर, खुर्ची, हाताला लागेल ते मारायचं. तेही मोठ्यांनी, मुलांना पाठीशी घालून.