‘मान्यताप्राप्त’ हा शब्द ऐकला आणि मी पुढचं काही विचारलंच नाही

मानसिक आजार असलेल्या लोकांच्या हक्कांसाठी मी अकरा वर्षं काम करते आहे. तक्रारअर्ज लिहून देणं, सुनावणीला सोबत जाणं, बंद दाराआड ठेवलेल्या माणसाचं म्हणणं बाहेर पोचवणं, हे रोजचं काम. माझी पदवी वाणिज्य शाखेची. बैठकीत कुणी ना कुणी डॉक्टर ‘हा क्लिनिकल प्रश्न आहे, तुम्हाला नाही कळायचा’ असं म्हणत आणि माझं बोलणं तिथेच खुंटे. ते मनाला लागलं होतं. म्हणून मानसशास्त्रात एम.ए. करायचं ठरवलं. नोकरी सोडणं शक्य नव्हतं, तेव्हा ऑनलाइन.

माहितीपत्रकासाठी फक्त मोबाइल नंबर टाकला, तर दहा मिनिटांत फोन. ‘मॅडम, एवढ्या वर्षांचा अनुभव आहे ना? मग सोळापैकी सहा विषय तुम्हाला माफ. शिष्यवृत्तीची एकच जागा उरली आहे, रात्री बारापर्यंत तुमच्यासाठी धरून ठेवतो.’ मान्यतेचं विचारलं तर म्हणाला, ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त आहे मॅडम, सर्टिफिकेट व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो.’ लगेच आलं. सोनेरी शिक्का, खाली दोन सह्या. मी मोठं करून सह्या पाहिल्या, पण मान्यता देणारी ही संस्था कोण, हे पाहिलं नाही. दुसऱ्यांच्या कागदावर मी शंभर प्रश्न काढते. स्वतःच्या कागदावर एकही काढला नाही, आणि साडेअकराला पहिला हप्ता भरला.

अभ्यास म्हणजे पीडीएफ आणि बहुपर्यायी प्रश्न. शिक्षकांचा चेहरा दोन वर्षांत एकदाही दिसला नाही. संशय यायला हवा होता तो प्रसंग असा. प्रबंधाच्या संशोधनपद्धतीच्या प्रकरणाऐवजी माझ्याकडून चुकून आमच्या संस्थेच्या मासिक बैठकीचं इतिवृत्त अपलोड झालं. हजेरी, चहापानाचा खर्च, पुढच्या बैठकीची तारीख, सगळं त्यात होतं. चूक लक्षात येऊन मी दुरुस्तीची मेल लिहीत होते, तेवढ्यात निकाल आला: ‘ए’ श्रेणी, ‘मांडणी उत्तम’. मी ती मेल पुसून टाकली. थकले होते, पदवी हातातोंडाशी आली होती. फसवणाऱ्यांचा दोष मोठा आहेच, पण त्या क्षणी मला कळलं होतं आणि मी गप्प बसले, हेही इथे लिहायलाच हवं.

पदवी आली. नावापुढे ‘एम.ए. (मानसशास्त्र)’ लिहू लागले.

पुढे एका बाईंची तक्रार आली. निवासी संस्थेत त्यांना शिक्षा म्हणून खोलीत कोंडून ठेवत. चार भेटींत, त्यांना झेपेल तसतसं, मी त्यांचं म्हणणं लिहून घेतलं आणि खाली पदवीसकट सही केली. सुनावणीत समोरच्या वकिलांनी काही न बोलता मोबाइल काढला, काहीतरी शोधलं आणि समितीच्या अध्यक्षांसमोर धरलं. ‘या विद्यापीठाचं नाव त्यांच्याच देशाच्या यादीत नाही. अशी पदवी लावणाऱ्या व्यक्तीने घेतलेलं निवेदन ग्राह्य कसं धरायचं?’ त्या खोलीबद्दल मग कुणी एक शब्द बोललं नाही. सगळा वेळ माझ्या पदवीवर गेला. निवेदन बाजूला ठेवलं, पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची मिळाली. बाहेर आल्यावर त्या बाईंनी मला विचारलं, ‘ताई, माझं काही चुकलं का सांगताना?’

त्या रात्री मी शोधायला बसले. मान्यता देणारी संस्था आणि विद्यापीठ, दोन्हींच्या वेबसाइटची नोंदणी एकाच दिवशी झालेली होती. ही माहिती कुणालाही फुकट पाहता येते, मला पाच मिनिटं लागली. स्वतःच दुकान काढायचं आणि स्वतःच त्याला प्रमाणपत्र द्यायचं, असा तो प्रकार.

मग माहितीपत्रक पुन्हा वाचलं. ‘एपीए मानकांनुसार’ असं ठळक छापलेलं. एपीए म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन. तिची मान्यता कित्येक दशकं डॉक्टरेटच्या टप्प्यावरच्या प्रशिक्षणालाच मिळत असे. मास्टर्सचा विचार तिने अलीकडे सुरू केला, तोही आरोग्यसेवेशी जोडलेल्या अभ्यासक्रमांपुरता. पण संदर्भ कसे लिहायचे याची एक शैलीही एपीएच्याच नावाने चालते. यांची ‘मानकं’ म्हणजे तेवढीच. ‘आयएसओ 9001’ हे व्यवस्थापनाच्या कार्यपद्धतीचं मानक आहे, शिकवण्याच्या दर्जाशी त्याचा संबंध नाही. ‘युनेस्को मान्य’ असं काही नसतंच, कारण युनेस्को विद्यापीठांना मान्यता देत नाही. आणि ज्याच्यावर माझा सर्वांत जास्त विश्वास बसला होता तो अपोस्टिल शिक्का! एका देशाचा कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून 1961 च्या हेग करारातून आलेला हा शिक्का फक्त सही आणि मोहोर खरी आहे एवढंच सांगतो. मजकूर खरा की खोटा, याबद्दल तो काहीच म्हणत नाही. खोट्या पदवीच्या प्रतीवर नोटरीची सही खरी असली, तर त्या सहीवर अपोस्टिल मिळू शकतं.

अमेरिकेत एका मानसशास्त्रज्ञाने आपल्या मांजरीच्या नावाने अर्ज करून संमोहन-उपचारकांच्या संघटनांची प्रमाणपत्रं मिळवली होती. झोई डी. कॅट्झ हे त्या मांजरीचं अर्जावरचं नाव. लोक ही गोष्ट गंमत म्हणून सांगतात. मला ती ऐकवत नाही, कारण अशा कागदावर विश्वास ठेवून कुणीतरी आपलं दुखणं उघडं करत असतं.

कुणी विचारलं तर मी आता एवढंच सांगते: ‘मान्यता आहे का’ असं विचारू नका. ‘कुणाची’ ते विचारा, आणि उत्तर त्यांच्या वेबसाइटवर न शोधता त्या देशाच्या सरकारी यादीत शोधा. अमेरिकेत शिक्षण खात्याची यादी आहे, उच्च शिक्षणातली मान्यता तपासणाऱ्या सीएचईए या बिगरसरकारी परिषदेचीही आहे. ब्रिटनमध्ये मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमांना ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटी मान्यता देते, आणि माझ्यासारख्या दुसऱ्या शाखेतून येणाऱ्यांसाठी तिथे ‘कन्व्हर्जन’ अभ्यासक्रम आहेत, त्यांतले काही ऑनलाइनही. म्हणजे ऑनलाइन असणं हा दोष नाही. भारतात मात्र यूजीसीने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद करायला सांगितलं. त्यानंतरही कुणी फोनवर प्रवेश देतो म्हणाला, तर त्याच्याकडे लेखी परवानगी मागा.

दुसरं, अ‍ॅडव्होकसीसाठी, म्हणजे लोकांच्या हक्कांची बाजू मांडण्यासाठी, उपचाराचा परवाना लागत नाही. हे मला आधी उमगलं असतं तर ‘क्लिनिकल’ या शब्दामागे मी धावलेच नसते. खऱ्या विद्यापीठांच्या पानावर बऱ्याचदा स्पष्ट लिहिलेलं असतं की या पदवीने परवाना मिळणार नाही. ते वाक्य वाचून मी तेव्हा पुढच्या पानावर गेले होते. आज तेच वाक्य मला प्रामाणिकपणाची खूण वाटतं. आपल्या कामाला लागतं ते वेगळं: कम्युनिटी सायकॉलॉजी, मुलाखतीची पद्धत आणि नीती, एखाद्या योजनेचं मूल्यमापन. 1965 साली अमेरिकेत स्वॉम्पस्कॉटच्या परिषदेत ही कम्युनिटी सायकॉलॉजीची शाखा आकाराला आली. माणसाचं दुखणं त्याच्या एकट्याच्या डोक्यात न शोधता भोवतालच्या व्यवस्थेतही शोधा, हा तिचा पाया. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा 2006 चा करार घ्या. त्याचं बारावं कलम सांगतं की अपंगत्व असलं तरी कायद्यापुढे माणूस इतरांइतकाच माणूस आहे. कोंडून ठेवलेल्या त्या बाईंसाठी मला बोलायचं होतं ते याच कलमावर. दोन वर्षांच्या ‘एम.ए.’त यातलं एक पान नव्हतं. पैशांपेक्षा मला ही चोरी जास्त मोठी वाटते.

फीचे शेवटचे दोन हप्ते कार्डवरून भरले होते, ते बँकेकडे तक्रार करून परत मिळाले. बाकीचे बुडाले. चॅट, प्रमाणपत्र, पावत्या यांचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवले म्हणून निदान तेवढं तरी हाती लागलं. तक्रार गेल्यावर आठवड्याभरात ती वेबसाइट दिसेनाशी झाली. सायबर विभागात तक्रार दिली आहे, तपास सुरू आहे. व्हिजिटिंग कार्डवरची पदवी मी खोडली आहे, आणि ती जिथे जिथे वापरली त्या प्रत्येक कार्यालयाला तसं पत्रही पाठवलं.

त्या बाईंचं निवेदन मात्र नव्याने घ्यावं लागलं. माझ्या सहकारी, वयाने आणि अनुभवाने मोठ्या असलेल्या ताईंनी ते घेतलं. मी दाराबाहेरच्या बाकावर बसले होते. आतून आवाज येत होता, त्या बाई पुन्हा पहिल्या रात्रीपासून सांगत होत्या.