ड्रम पिनकुशन, काही महिने वापरल्यानंतर: पट्टीची दोन टोकं का भेटत नाहीत

ड्रम पिनकुशन म्हणजे ढोलाच्या आकाराची, सुया खोचून ठेवायची गादी. तिच्या किटमधला सॅम्पलर, म्हणजे नक्षीच्या नमुन्यांचं भरतकाम, भरून झाला, धुऊन इस्त्री झाली, वरची गोल चकती छान बसली, तळही बसला. बाजूच्या पट्टीची दोन टोकं मात्र एकमेकांना भेटेनात. मध्ये तीन-चार घरांची (एक घर म्हणजे एक फुलीचा टाका) फट राहिली. वेलनक्षीत तीन-चार घरं गेली तर अख्खं पान जातं, हे क्रॉस-स्टिच करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

किटचा चार्ट, म्हणजे घरं आखलेला नक्षीचा कागद, चुकलेला नव्हता. ड्रमचा व्यास ३ इंच, म्हणजे परीघ साधारण ९.४२ इंच. २८ काउंटच्या, म्हणजे इंचाला २८ धागे असलेल्या लिननवर दोन-दोन धाग्यांवर भरलं की इंचाला १४ घरं बसतात, म्हणून पट्टी १३२ घरांची. १३२ ला १२ नं भाग जातो, त्यामुळे १२ घरांची नक्षी बरोबर अकरा वेळा येते आणि शेवटचं पान पहिल्या पानाला लागतं. डिझाइन करणाऱ्यानं इथपर्यंत फार सुंदर विचार केला आहे. गडबड आहे ती शिवणकामाच्या कागदावर. त्यात ३ इंच व्यासाचं पुठ्ठ्याचं कडं करा, त्यावर फेल्ट (दाबून केलेलं जाडसर कापड) चिकटवा आणि मग पट्टी गुंडाळा, असं लिहिलंय. फेल्ट १ मिलिमीटर जाड असलं तरी व्यास २ मिलिमीटरनं वाढतो आणि परीघ ६ मिलिमीटरहून जास्त. इंचाला १४ घरं म्हणजे एक घर १.८ मिलिमीटरचं. म्हणजे साडेतीन घरं नुसत्या फेल्टनं खाल्ली.

विक्रेत्याला हे हिशोबासकट कळवलं. उत्तर आलं, की हाताच्या ताणामुळे असा फरक पडतो. मला ते उत्तर अजिबात पटलेलं नाही. मोजून भरलेल्या लिननवर १३२ घरं किती लांब होतात हे कापडाचे धागे ठरवतात, माझा हात नाही. फोटो पाठवले, पट्टीवर मोजपट्टी ठेवून पाठवले, तरी तेच वाक्य परत आलं. त्या कागदावर एक ओळ वाढवायला काय लागतं? इतके दिवस बसून भरलेलं काम शेवटच्या तासाला वाया जायची वेळ येते, आणि दोष भरणाऱ्याच्या हाताला, याची चीड अजून गेलेली नाही.

उपाय सोपा आहे. आधी कडं करायचंच नाही. पट्टीच्या दोन्ही टोकांना शेवटच्या घराला लागून दोन धाग्यांवर बॅक स्टिचची (उलट्या टाक्याची) ओळ घालायची. कड त्या ओळीवर आत दुमडायची आणि समोरासमोरचे बॅक स्टिच एकमेकांत ओवत जायचं, सुई कापडात न घालता. टाक्याला टाका लागतो, घर सरकायला जागाच राहत नाही. अशी कापडाची बांगडी तयार झाली की आत फेल्ट, आणि फेल्टच्या आत पुठ्ठ्याची पट्टी गोल वळवून सोडायची. पुठ्ठा आपोआप बाहेर ताणून बसतो. टोकं एकावर एक जिथे येतील तिथे खूण करून कापायचं आणि आतून चिकटपट्टी लावायची. कापडाच्या मापानं पुठ्ठा कापायचा, पुठ्ठ्याच्या मापानं कापड ओढायचं नाही. यासाठी नवा माउंट बोर्ड आणू नका, वहीच्या पाठचा पुठ्ठा उत्तम वळतो.

एका शिवणीवर इतकं लिहायचं कारण असं, की ड्रमला पाठ नसते. फ्रेमची मागची बाजू भिंतीकडे जाते, चौकोनी पिनकुशनचा तळ टेबलाकडे. ड्रम सुई काढता-खोचता सारखा फिरतो आणि जोड पुन्हा पुन्हा समोर येतो. आणि जुन्या पट्टीदार सॅम्पलरना हाच आकार शोभतो. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये लिननच्या अरुंद, लांब पट्टीवर एकाखाली एक नक्षीच्या ओळी भरायची पद्धत होती. त्यातली एखादी ओळ उचलली की ती ड्रमभोवती गोल फिरते, तिला सुरुवात-शेवट उरत नाही. तारीख घातलेला सर्वांत जुना ज्ञात ब्रिटिश सॅम्पलर जेन बोस्टॉकचा, १५९८ चा. तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. त्यात अक्षरं, प्राणी, फुलं आणि नुसते नमुने असं सगळं एकत्र आहे. वरच्या चकतीसाठी असे सुटे नमुने घ्यावेत. फक्त एक ध्यानात ठेवा: ४२ घरांच्या वर्तुळात चौकोनी नक्षी जास्तीत जास्त २९ घरांचीच मावते, आणि कडेला श्वास हवा असेल तर २४-२५ वर थांबा.

आता आतल्या भरणाबद्दल. सुरुवातीचे काही आठवडे मी अक्रोडाच्या टरफलांच्या भरडीवर बेहद्द खूश होते. वजन येतं, एका हातानं सुई ओढली तरी ड्रम जागचा हलत नाही. आज मत बदललं आहे. भरड हळूहळू खाली बसते आणि कापसासारखी परत फुगत नाही, त्यामुळे वरची चकती मधोमध सैल पडली. शिवाय २८ काउंटच्या लिननच्या छिद्रांतून बारीक तपकिरी पूड ड्रॉवरमध्ये येऊ लागली. या भरडीनं सुयांना धार येते असं सगळीकडे सांगतात, तेही मला मान्य नाही. कठीणपणा मोजायच्या मोहसच्या १ ते १० च्या प्रमाणावर हे टरफल ३ ते ४ च्या आसपास, सुईचं पोलाद त्याहून कठीण. सुई फार तर पुसली जाते. धारेसाठी एमरी नावाची घासायची पूडच लागते, तिच्यात ९ कठीणपणाचं कोरंडम हे खनिज असतं.

सध्या खाली भरडीची वेगळी घट्ट विणीची पिशवी आणि वर दाबून भरलेली लोकर अशी रचना आहे. लोकर दाबली तरी पुन्हा वर येते, आणि तिच्यात थोडं लॅनोलिन, म्हणजे लोकरीतली नैसर्गिक चरबी, उरलेलं असल्यानं सुई सुळकन जाते. पॉलिएस्टरचा कापूस स्वस्त आणि हलका, पण इतका हलका की सुईबरोबर ड्रमच उचलला जातो. लाकडाचा भुसा पूर्वापार वापरात आहे. मी तो टाळते, कारण तो दमट हवेत ओल धरतो आणि मग सुया गंजतात.

लिननला मागून फ्युजिंग (इस्त्रीनं चिकटणारं अस्तर) नक्की लावा. पूड अडते, कड उसवत नाही आणि मुख्य म्हणजे चकती गोलच राहते. कापड उभं-आडवं ताणत नाही, तिरकं ताणतं. त्यामुळे धावदोरा ओढला की फ्युजिंगशिवायची चकती चार ठिकाणी फुगते. चकतीखाली पुठ्ठा नको, जाड फेल्ट घ्या, म्हणजे सुई आरपार जाते. काठावरची पिळाची दोरी दिसते झकास, पण सुईचं टोक तिच्यात सतत अडकतं. मी ती वरच्या काठावरून काढून फक्त खालच्या काठावर ठेवली आहे.

पुन्हा हे किट घेईन का? चार्टसाठी हो. भरलेले सॅम्पलर फ्रेमच्या खर्चापायी घडी घालून कपाटात पडून राहतात, हा रोज हाताखाली असतो. शिवणीचा कागद मात्र बाजूला ठेवा. आणि त्यात लिहिलंय म्हणून तळ गोंदानं चिकटवू नका. लांब, लपत्या टाक्यांनी शिवा आणि दोऱ्याचं टोक आत खोचून ठेवा. लोकर कधीतरी दबणारच, तेव्हा तेवढा दोरा ओढून तळ उघडता येतो.