जुन्या आउटबोर्डची रबरं: ओरिजिनल की लोकल?

40 एचपीच्या जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्डसाठी (होडीच्या मागे लावायचं इंजिन) माउंटची रबरं, म्हणजे इंजिन आणि त्याला धरणारा ब्रॅकेट यांच्यामधली गादीसारखी रबरं, शोधायला गेलं की तीन प्रकार समोर येतात: कंपनीची ओरिजिनल, साच्यातून काढलेली लोकल, आणि लेथवर कापून दिलेली पॉलियुरेथेनची. आमचं मत आधीच सांगतो. ओरिजिनल घ्या, आणि चारही एकदम बदला. महाग पडतात हे खरं, पण बाकीच्या दोन्हींत वाचलेले पैसे पुढे बोल्ट आणि ब्रॅकेटवर जातात.

रबरं वर दोन, खाली दोन. पंखा पाणी मागे फेकतो तेव्हा लेगचा, म्हणजे इंजिनाच्या पाण्यात उतरणाऱ्या उभ्या भागाचा, खालचा भाग पुढे रेटला जातो आणि वरचा मागे ओढला जातो. म्हणून खालची रबरं दाबून चिरडतात. वरच्यांचा शत्रू वेगळा: कार्बोरेटरखालून झिरपणारं पेट्रोल आणि ऑइल. त्यानं रबर फुगतं, मऊ पडतं आणि आतल्या लोखंडी नळीपासून सुटतं. दोनच बदलली तर नवी आणि जुनी सारखी दबत नाहीत, इंजिन तिरकं बसतं.

खरेदीआधी दोष नक्की करा. होडी ओंडक्यांवर चढवा, इंजिन खाली सोडा, पंख्याखालचा स्केग धरून डावी-उजवीकडे जोरात हलवा. दुसऱ्यानं लेग आणि ब्रॅकेटच्या मधल्या फटीवर बोट ठेवावं. तिथे हालचाल लागली तर रबरं गेली. तिथे काही नाही आणि अख्खा लेग ब्रॅकेटसकट स्विव्हलमध्ये (इंजिन डावी-उजवीकडे फिरतं तो सांधा) खुळखुळतो, तर त्यातले बुश (शाफ्टला आधार देणाऱ्या नळ्या) झिजलेत. नवी रबरं घालून काही उपयोग नाही. गिअर टाकताना ‘ठक्क’ आवाज येणं आणि स्लो रेसला हँडल हाताला झिणझिण्या आणणं, ही रबरं गेल्याची आणखी दोन लक्षणं.

लोकल रबरांत मुख्य खोट एकच असते: रबर धातूला व्हल्कनाइझ केलेलं (उष्णतेनं पक्कं चिकटवलेलं) नसतं, नळी नुसती दाबून बसवलेली असते. दुकानातच नळी चिमटीत धरून पिळून बघा. ती रबरात फिरली तर परत करा. साधं नैसर्गिक रबर पेट्रोल-ऑइलनं फुगतं, म्हणून माल नायट्राइलचा (तेल सोसणाऱ्या रबराचा) आहे का हेही विचारा. अडीअडचणीला खालच्या जागी लोकल चालून जातं, वर मुळीच नाही. पॉलियुरेथेन टिकतं, तेलानंही लवकर खराब होत नाही. पण कडक मिळालं तर दोन सिलिंडरची सगळी थरथर सरळ ट्रान्समवर (इंजिन बसतं ती होडीची मागची फळी) उतरवतं. फायबरच्या होडीत मग ट्रान्समचे बोल्ट सैल होतात आणि भोकांतून पाणी आतल्या प्लायवूडमध्ये शिरतं.

बदलताना वेळ खाणारी गोष्ट म्हणजे बोल्ट. स्टेनलेस बोल्ट, ॲल्युमिनियमचं अंग आणि मधे खारं पाणी, त्यामुळे पांढरी भुकटी धरून तो जाम होतो. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, मग हीट गननं बाहेरचं ॲल्युमिनियम तापवा. ते स्टीलपेक्षा जास्त फुगतं आणि पकड सुटते. आधी थोडा आवळा, मग सैल करा. गॅसची ज्योत नको, शेजारीच पेट्रोलची नळी असते. काही मॉडेलमध्ये वरच्या माउंटसाठी पॉवरहेड (सिलिंडर असलेला इंजिनाचा वरचा भाग) उचलावं लागतं. तसं असेल तर त्याखालचं सील, म्हणजे बेस गॅस्केट, नवीन आणून ठेवा. बसवताना आट्यांना मरीन ग्रीस लावा आणि लेग ते ब्रॅकेट जाणारी छोटी अर्थ वायर न विसरता जोडा. रबर वीज वाहत नाही, वायर नसेल तर ब्रॅकेटवरच्या झिंकचा (गंज स्वतःवर घेणारा धातूचा तुकडा) लेगला काही उपयोग होत नाही.

स्टिअरिंग जड असेल तर रबरांना दोष देऊ नका. पहिल्यांदा फ्रिक्शन स्क्रू (स्टिअरिंग घट्ट-सैल करणारा) बघा, पुष्कळदा तोच आवळलेला असतो. केबल स्टिअरिंग असेल तर केबलचा जोड सोडून इंजिन हातानं फिरवा. हलकं फिरलं तर दोष केबलमध्ये. तसंच जड राहिलं तर स्विव्हल ट्यूबमधलं जुनं ग्रीस सुकून दगड झालंय. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या इंजिनात हे हमखास होतं. निपल (ग्रीस भरायचं तोंड) काढा, भोकातलं सुकलेलं ग्रीस बारीक ड्रिल बिट हातानं फिरवून कोरून काढा, ट्यूब कोमट करा, पातळ तेल सोडा आणि इंजिन थोडं थोडं डावी-उजवीकडे फिरवत राहा. हँडलला पाइप लावून जोर देऊ नका, त्यानं हँडलचा ब्रॅकेटच तुटतो. मग निपल बसवून हातपंपानं सावकाश ग्रीस भरा. वरून आणि खालून, दोन्हीकडून नवं ग्रीस बाहेर यायला हवं. फक्त वरून आलं तर खालचा बुश अजून कोरडा आहे. एवढं करूनही सुटलं नाही, तर शाफ्ट उतरवून बुश बदलणं भाग आहे.

ग्रीसमध्ये कंजुषी नको. गाड्यांचं साधं चेसिस ग्रीस खाऱ्या पाण्यात धुऊन जातं; मरीन, वॉटरप्रूफ लिहिलेलं एनएलजीआय 2 ग्रेडचं (हा ग्रीसच्या घट्टपणाचा आकडा) घ्या. डब्ल्यूडी-40 जाम सोडवायला ठीक, पण ग्रीसची जागा घेत नाही. 1 जूनला मासेमारीची बंदी सुरू होऊन होडी वर चढली की लगेच गोड्या पाण्यानं धुऊन निपल भरून टाका, आणि नारळी पौर्णिमेनंतर दर दोन महिन्यांनी पुन्हा भरा. केबल असेल तर तिच्या टोकाचा दांडा पूर्ण आत ओढूनच ग्रीस मारा. बाहेर असताना मारलं तर ग्रीस आत कोंडतं आणि स्टिअरिंग लॉक होतं.