‘मदरबोर्ड गेलाय’ म्हणत सीपीयू नेला आणि आतला माल बदलून परत आणला

घरचा पीसी चालू केला की पंखे फिरतात, कंपनीचा लोगो येतो, तेवढ्यात स्क्रीन काळी होते आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सुरू. विंडोजपर्यंत गाडी पोहोचतच नाही. तुमच्याकडे असं होत असेल तर कोणालाही फोन करण्याआधी हे वाचा. नाशिकला राहणाऱ्या माझ्या आत्याला याच बिघाडात सव्वासात हजार रुपयांना लुबाडलं, आणि पैशांपेक्षा मोठं नुकसान वेगळंच झालं.

आत्या निवृत्त शिक्षिका आहे, एकटी राहते. पेन्शनची कामं, विजेचं बिल, फोटो, सगळं तिच्या पीसीवरच. पीसी असा गटांगळ्या खायला लागल्यावर तिने इंटरनेटवर ‘घरी येऊन दुरुस्ती’ असं शोधलं आणि वर दिसलेल्या नंबरवर फोन केला. तासाभरात एक मुलगा आला. बोलणं अगदी नम्र. त्याने कॅबिनेटचं झाकण उघडलं, बॅटरी मारून आत पाहिलं आणि सांगितलं, “मॅडम, मदरबोर्ड गेलाय. चिप लेव्हलचं काम आहे, लॅबमध्ये न्यावं लागेल.” मल्टिमीटर लावला नाही, रॅम काढून पाहिली नाही, एक केबलसुद्धा हलवली नाही. व्हिजिट चार्ज म्हणून 350 रुपये घेतले, विंडोजचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून घेतला आणि खोकं उचलून नेलं. पावती मागितली तर म्हणाला, “व्हॉट्सॲपवर येईल.”

दुसऱ्या दिवशी फोन आला. मदरबोर्ड दुरुस्ती 4,200, नवा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) 1,900, विंडोज टाकायचे 800. पैसे यूपीआयने एका व्यक्तीच्या नावावर गेले, दुकानाच्या नाही. पीसी घरी आला, चालू झाला, आत्या निश्चिंत झाली. फक्त मला फोनवर म्हणाली, “अरे, फार हळू चालतोय, आणि माझे फोटो कुठेच दिसत नाहीत.” फोटोंबद्दल त्या मुलाचं उत्तर तयार होतं: हार्डडिस्क करप्ट झाली होती, फॉरमॅट मारावं लागलं.

मी नाशिकला गेलो आणि सगळ्यात आधी विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडला, त्यात पीसीची रॅम आणि डिस्क दिसते. रॅम 16 जीबीची 8 झालेली, दोन पट्ट्यांच्या जागी एकच. 500 जीबीच्या एसएसडीच्या, म्हणजे फाइली साठवणाऱ्या डिस्कच्या, जागी दुसऱ्याच कंपनीची 240 जीबीची. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, ते डिस्क एकूण किती तास चालली आहे ते दाखवतं. या डिस्कचे 19 हजारांहून जास्त तास झाले होते. रोज तीन तास वापर धरला तर चार वर्षांतसुद्धा साडेचार हजारांच्या आतच तास भरतात. म्हणजे कुठल्यातरी ऑफिसात रात्रंदिवस चाललेली डिस्क आत्याच्या पीसीत बसवली होती.

आत्याने पीसी घेतानाचं बिल जपून ठेवलं होतं. असेंबल केलेल्या पीसीच्या बिलावर चांगले दुकानदार प्रत्येक भागाचा सिरियल नंबर छापतात, कारण वॉरंटी त्यावरच मिळते. ते बिल समोर ठेवून कॅबिनेट उघडलं. रॅमचा नंबर जुळला नाही. एसएसडीचा नाही. वॉरंटीतला चांगल्या कंपनीचा एसएमपीएस गायब, त्याच्या जागी हाताला अगदी हलका लागणारा, नाव न ऐकलेला डबा. जुळला तो फक्त मदरबोर्डचा नंबर, आणि त्या बोर्डावरची धूळसुद्धा जशीच्या तशी होती. 4,200 रुपयांची दुरुस्ती कुठे झाली ते मला शोधूनही सापडलं नाही.

पुढे तोच बिघाड परत आला. पीसी पुन्हा रिस्टार्ट होत राहिला. या वेळी मी एकेक गोष्ट काढत गेलो. आधी सगळे यूएसबी काढले, मग रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी पाय खोडरबराने पुसले, पण फरक पडला नाही. मग कॅबिनेटच्या पुढच्या बटणांकडून मदरबोर्डावर येणाऱ्या बारीक वायरींपैकी ‘रिसेट’ लिहिलेली दोन तारांची पिन उपटली, आणि पीसी शांतपणे विंडोजमध्ये गेला. रिसेटचं बटण आतून अडकत होतं. स्प्रिंग सैल झालं होतं, संपर्क मधूनच जुळायचा आणि आपण बटण दाबल्यासारखा पीसी परत सुरू व्हायचा. ती पिन काढून ठेवली तरी काही अडत नाही, पॉवरच्या बटणावर पीसी व्यवस्थित चालतो. म्हणजे मुळात दुरुस्तीचा खर्च शून्य होता.

म्हणून कळकळीने सांगतो, पीसी घराबाहेर जाण्याआधी एवढं तरी करून पाहा. प्लग काढा, झाकण उघडा, रॅम एकेक पट्टी लावून तपासा, रिसेटची पिन काढून पाहा, प्रोसेसरवरचा पंखा फिरतोय का आणि मदरबोर्डावरचे कपॅसिटर (छोट्या उभ्या डब्यांसारखे भाग) फुगलेत का ते बघा. एसएमपीएसचा डबा मात्र स्वतः उघडू नका, त्यात प्लग काढल्यावरही करंट साठून राहतो. मग पीसी चालू करून बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या, स्क्रीनवर अर्धा तास तसाच सोडा. तिथे तो बंद न पडता टिकला, तर मदरबोर्ड गेल्याची शक्यता कमी, आणि संशय विंडोजवर किंवा डिस्कवर जातो. विंडोज 10 आणि 11 मध्ये सुरुवात लागोपाठ फसली की दुरुस्तीची निळी स्क्रीन आपोआप येते. तिथल्या स्टार्टअप सेटिंग्जमध्ये बिघाडानंतरचं आपोआप रिस्टार्ट बंद करण्याचा पर्याय असतो. तो निवडला की एरर कोड स्क्रीनवर टिकून राहतो, त्याचा फोटो काढता येतो.

तरीही खोकं न्यायलाच लागलं, तर एसएसडी आपल्याकडे काढून ठेवा. हार्डवेअर तपासायला तुमची डिस्क लागत नाही, आणि विंडोजचा पासवर्ड तर मुळीच लागत नाही. प्रत्येक भागाच्या स्टिकरचा फोटो काढा आणि नंबर लिहिलेली सहीची पावती घेतल्याशिवाय खोकं दाराबाहेर जाऊ देऊ नका. बदललेला जुना भाग परत मागा. प्रामाणिक मेकॅनिक या मागण्यांवर चिडत नाही.

आत्याच्या डिस्कवर काकांचे शेवटच्या वर्षांतले फोटो होते. त्याच डिस्कवर आधार आणि पॅनचे स्कॅन, पेन्शनचे कागद, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्डही होते, आणि ती डिस्क आज एका अनोळखी माणसाच्या हातात आहे. मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, “आमच्याकडे आला तेव्हा असाच होता.” त्यानंतर नंबर बंद. आम्ही त्याच दिवशी ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदलला, गूगल खात्यातून जुनं उपकरण साइन आउट केलं आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 वर, तक्रार नोंदवली आहे. पोलीस ठाण्यातही लेखी अर्ज दिला आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सेवेचं बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापार प्रथा आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या रकमेसाठी फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या करता येते. आमच्या तक्रारीसोबत पीसीचं मूळ बिल, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि बदललेल्या भागांचे फोटो जोडले आहेत. यातलं मूळ बिल नसतं, तर रॅम बदलली हे आम्हाला कागदावर दाखवता आलं नसतं.