तिरक्या काठाचा चार्ट: फोंड्याच्या स्टुडिओत सात महिने

गेल्या चवथीला (गणेशचतुर्थीला) माटोळीचे, म्हणजे आमच्या गोव्यात गणपतीच्या वर फळं-रानफळं बांधून टांगतात त्या चौकटीचे, फोटो काढले. मोठे छापले, तर सुपाऱ्या न् कांगलां (रानफळं) सगळी पिठूळ. दोष सेन्सरला दिला. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा काढून ४५चा घ्यायचा, असं जवळजवळ ठरलंच होतं. त्याआधी खातरी म्हणून मे महिन्यात फोटोची धार मोजायचा आयएसओ १२२३३ पद्धतीचा चार्ट आणला.

त्यावरचे चौकोन पाचेक अंश कललेले असतात, छपाई चुकली म्हणून नव्हे. काठ सरळ उभा असता तर सेन्सरची प्रत्येक ओळ त्याला एकाच जागी कापती. कलता काठ ओळीगणिक किंचित सरकतो, साधारण अकरा ओळींत एक पिक्सेल. या ओळी एकत्र केल्या की पिक्सेलहून बारीक मोजता येतं. एमटीएफ मॅपर हे फुकटचं सॉफ्टवेअर त्यातून एमटीएफ५० काढून देतं, म्हणजे किती बारकाव्याला काळ्यापांढऱ्यातला फरक निम्म्यावर येतो ते. आकडा मोठा तितकी धार जास्त. पिक्सेलमागे ०.५ आवर्तनं (काळ्यापांढऱ्या रेघांच्या जोड्या) ही नायक्विस्टची हद्द, त्याहून बारीक सेन्सरला नीट टिपता येत नाही.

पहिल्या दिवशी ०.३८ आलं, मी खूश. ते जेपीईजी होतं, कॅमेऱ्याने आतल्या आत धार लावलेली. धार न लावलेल्या रॉ फाइलवर तीच लेन्स एफ/५.६ला (भोक मोठं) ०.३०, एफ/१६ला (भोक बारीक) ०.१७.

जुलैत डावीकडचे आकडे पडले. लेन्स दुरुस्तीला पाठवली. दुकानदाराने पैसे घेतले आणि 'काही नाही' म्हणून परत दिली. मग चार्टच उलटा टांगून पाहिला, तर खराब बाजू उजवीकडे! पावसाच्या दमटाने चार्टमागचं प्लायवूड फुगून कोपरा पुढे आला होता, फोकसच्या बाहेर. दुकानांच्या पाट्या करणाऱ्याकडून एसीपी (अॅल्युमिनियमची) शीट आणून चार्ट त्यावर चिकटवला, तेव्हापासून सुखात आहे. विक्रेत्याने या हवेबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. घेणार असाल तर मॅट कागदच घ्या, आणि मोजताना पंखा बंद ठेवा, स्टँड थरथरतो.

माटोळीचं म्हणाल, तर सगळं फोकसमध्ये यावं म्हणून मी एफ/१६ला काढत होतो. तिथे विवर्तनाने, म्हणजे बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो त्याने, प्रकाशाचा ठिपकाच २१ मायक्रॉनचा होतो, माझा पिक्सेल ३.९चा. ४५ मेगापिक्सेलने तो ठिपका काय लहान होणार होता? यंदा एफ/८ला तीन फोकसांवर काढून जोडले. कांगलां एकेक मोजता येतात.